उत्तराची जागा

हॉटेलात दादांचा कोट आणायला जायचं होतं, एवढंच. धाकटी एकटीच निघाली होती. पण जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या आणि "थांब गं, मीही येते, तेवढीच सोबत" म्हणत चपला चढवून निघाल्यासुद्धा. सोबत हे निमित्त. खरं म्हणजे ज्या हॉलमध्ये दादांनी हयातभर पियानो वाजवला तो आतून कसा दिसतो, हे वहिनींना कधीपासून बघायचं होतं.

भिंतीला कान असतात म्हणतात. दादांच्या घराच्या भिंतीला होता तो वहिनींचा. त्यांचं स्वयंपाकघर आणि दादांची बैठक यांच्यात एकच भिंत, आणि त्या भिंतीला पलीकडून पियानो टेकवलेला. वहिनींचे यजमान म्हणायचे, "तुझा कान तिथेच गिलाव्यात बसवून घे. रोजची ये-जा तरी वाचेल." वहिनी हसायच्या आणि भांडी जरा हळू घासायच्या, म्हणजे सूर बुडत नसत.

हिवाळ्यात दादा गेले. मागे राहिली ती धाकटी, त्यांची बहीण. पंचेचाळिशी उलटली तरी सगळ्या इमारतीची ती धाकटीच. औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेच द्यायचं, स्वतःच्या मनाचं तिळाएवढंही नाही, हा धंद्याचा नियम तिच्या हाडात मुरला होता. नाकासमोर चालणारी बाई. म्हणून त्या दिवशी हॉटेलात ती जे बोलली, त्याने मॅनेजरपेक्षा वहिनीच जास्त दचकल्या.

मॅनेजरने कोट आणून दिला, दोन शब्द हळहळला आणि म्हणाला, "पियानोही आता जाईल बघा. येता सोडून पुढच्या शनिवारनंतर उचलायला माणसं येतायत. इथे आम्ही स्पीकर बसवतोय."

धाकटीने कोट छातीशी धरला होता. ती पियानोसमोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली.

"मी वाजवते," ती म्हणाली.

"तुम्ही? अहो ताई, समोर कागद ठेवून वाजवणारे पुष्कळ मिळतात. तुमचे दादा कागद बघायचे नाहीत. रोज नवं काढायचे बोटांतून. लोक त्यासाठी यायचे."

"मीही कागद बघणार नाही."

मॅनेजरने वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी उगाचच मान डोलावली, जणू ही शिफारस त्यांचीच.

"बरं. त्या शनिवारी चहाच्या वेळेला या. मालक असतील. त्यांना पटलं तर खुर्ची तुमची. नाही तर पियानो गेला असं समजा."

परत येताना वहिनींना राहवेना. "वेडी का काय तू? जमणार आहे का?"

"जमवीन."

"अगं, दादा असते तर..."

"दादा नाहीत म्हणूनच, वहिनी. तो पियानो विकला गेला, की दादा दुसऱ्यांदा गेले. एकदा गेले तेव्हा मला काही करता आलं नाही."

दादा जे वाजवायचे त्याला ब्लूज म्हणतात, हे वहिनींना ऐकून ऐकून माहीत झालं होतं. तरुणपणी दादा ते जहाजावर वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून शिकले होते. आणि धाकटीला शिकवताना त्यांचा प्रत्येक शब्द भिंतीतून पलीकडे गाळून येत असे.

"हे बारा खोल्यांचं घर आहे असं समज," दादा सांगायचे. "डावा हात घरमालक. तो पहिलीतून बारावीपर्यंत सावकाश चालत जातो, घाई नाही, थांबणं नाही. बारावीचं दार पुन्हा पहिलीत उघडतं. उजवा हात पाहुणा. त्याने बोलायचं. शब्द सहाच. हे स्केल, ही सहा पायऱ्यांची शिडी. यातला हा एक सूर जरा दुखरा आहे, त्याला जपून हात लाव. पण या सहांच्या बाहेर जाऊ नकोस, म्हणजे चुकायला जागाच नाही."

"मग बोलायचं काय?" धाकटी विचारायची.

"ते चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं, बाळा."

आणि मग खेळ सुरू व्हायचा. दोन खोल्यांत धाकटीने बोलायचं, पुढच्या दोन रिकाम्या सोडायच्या. त्या रिकाम्या खोल्यांत तिच्या उजव्या अंगाला बसलेले दादा वरच्या पट्ट्यांवर उत्तर द्यायचे. जरा उशिरा, जरा हसल्यासारखं. पुन्हा दोन तिच्या, दोन त्यांच्या. वहिनींचं भांडं धुऊन झालेलं असायचं तरी नळ चालूच राहायचा.

घोळ इथेच झाला होता, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. शिकणारा माणूस पुढे पुढे स्वतःच विचारतो, स्वतःच उत्तर देतो. दादांनी लाडापायी धाकटीला उत्तर द्यायला शिकवलंच नाही. तिला फक्त विचारता येत होतं. अर्धं घर तिचं, अर्धं दादांचं, आणि दादा नव्हते.

दुकान दुपारी बंद असायचं, तेव्हा ती सरावाला बसू लागली. भिंतीपलीकडून डावा हात चालू लागायचा, ठाम, एकसारखा. उजवा दोन खोल्या बोलायचा, आणि मग गप्प. दोन खोल्या नुसता घरमालकच चालतोय. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा वहिनींचा हात भांड्यावर अडायचा.

धाकटीलाही ते कळत होतं. ती त्या रिकाम्या खोल्यांत बोटं घुसवायचा प्रयत्न करायची. सहा सूर चढायची, सहा सूर उतरायची, आणि अर्ध्यावर हात मागे यायचा. दादांच्या ताटात जेवायला बसल्यासारखं वाटतं, असं ती जिन्यात एकदा म्हणाली. पण रडली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

एका दुपारी आभाळ खाली आलं होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले. रस्त्यावरचा आवाजही कापसात गुंडाळल्यासारखा झाला होता. वहिनी कपबशा पुसत होत्या. पलीकडे धाकटी दोन खोल्या बोलली. आणि पुढच्या दोन खोल्यांत वरच्या पट्ट्यांवर उत्तर आलं.

वहिनींना बरं वाटलं. किती दिवसांनी! त्या कप पुसत स्वतःशी हसल्यासुद्धा. बशी फडताळात ठेवली. मग दुसरी उचलली. आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं, की पलीकडे आता एकच माणूस राहतं.

त्या ओल्या हातांनीच धावल्या. धाकटीने दार उघडलं. तिचा चेहरा दिवा लावल्यासारखा उजळला होता.

"ऐकलंत ना? खरं सांगा, तुम्हीही ऐकलंत ना?"

"ऐकलं..."

"दादा येतात, वहिनी. मी जागा सोडते आणि ते येतात."

समोरचं ते तोंड पाहून वहिनींना नको ते बोलवेना. "मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, म्हणावं, आमच्याकडून घेतलेली छत्री परत द्यायची राहिलीय." दोघी हसल्या. हसू जरा जास्तच वेळ चाललं.

पुढचे काही दिवस धाकटी हवेत होती. जेवणाची शुद्ध नाही, केस विंचरायची नाही. दुकानातून आली की थेट पियानोवर. आणि वहिनी? त्या इकडे स्टूल ओढून भिंतीशी बसत. यजमानांनी विचारलं तर म्हणत, "कंबर दुखतेय."

ऐकता ऐकता त्यांना काहीतरी खटकायला लागलं. दादा उशिरा उत्तर द्यायचे. समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचे, मग बोलायचे. हे उत्तर तसं नव्हतं. आधी ते बरोबर तिसऱ्या खोलीत पाऊल टाकायचं. मग दुसरीच्या उंबऱ्यावरच सुरू व्हायला लागलं. मग दुसरी अर्धी झाली नाही तोच. धाकटीचं बोलणं रोज थोडं आखूड होत होतं. गुरुवारी तर तिच्या वाट्याला एकच खोली उरली होती. बाकी सगळीकडे तो दुसरा हात.

वहिनी उठल्या, पलीकडे गेल्या आणि सरळ आत शिरून खुर्चीवर बसल्या. "वाजव," त्या म्हणाल्या. "मला इथे बसून ऐकायचंय."

खोलीत जुन्या ओल्या लोकरीचा वास होता, आणि त्याच्याखाली गंजलेल्या तारेचा. पडदे सरकवलेले असूनही उजेड आत यायला कचरत होता. धाकटीने डावा हात चालू केला. उजवा एक वाक्य बोलला, आणि ते पुरं व्हायच्या आतच वरचे सूर आले.

पट्ट्या हलत नव्हत्या. वहिनींनी डोळे फाडून बघितलं. वरच्या पट्ट्या जागच्या जागी, दातांसारख्या मिटलेल्या. आवाज लाकडाच्या आतून येत होता. त्यांनी उठून एका पट्टीवर बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. एवढ्या गारठ्यात ती पट्टी कोमट होती. कुणीतरी आत्ताच बोट उचलल्यासारखी.

धाकटी थांबली. सूर मात्र तिच्यानंतर आणखी थोडा वेळ चालले. मग तेही थांबले. वाट बघितल्यासारखे.

"धाकटे..." वहिनी कुजबुजल्या. "हा दादांचा हात नाही."

"कशावरून?"

"इतकी वर्षं त्या भिंतीला कान लावून बसलेय मी. दादा उत्तर द्यायचे..."

"मग हेही..."

"नाही गं. हा विचारतोय."

धाकटीचा उजवा हात मांडीवर पडला होता. ती त्याच्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आणि मी?"

"तू उत्तर देतेयस. रोज थोडं थोडं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तो साधासुधा आवाज ऐकून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "झाकण लाव त्याला," त्या म्हणाल्या. "कुलूप लाव. हवं तर आमच्याकडे राहायला ये. हे कोचावर झोपतील, त्यांना सवय आहे."

"आणि शनिवारी मॅनेजरला काय सांगू?" धाकटीचा आवाज कापत होता, पण खाली आला नव्हता. "जागा रिकामी होती म्हणून कुणीतरी येऊन बसलं, असं?" तिने खुर्ची पुढे ओढली. "रिकामी मी सोडली, वहिनी. दादांची म्हणून जपून ठेवली. घर उघडं टाकलं तर कुणीही शिरणारच. आता मी ते भरते."

"येतंय का तुला भरता?"

"नाही. पण सहाच सूर आहेत ना?"

वहिनींना तिथून पळावंसं वाटत होतं. त्या पळाल्या नाहीत. खुर्ची पियानोजवळ आणून बसल्या आणि म्हणाल्या, "मग माझं ऐक. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण भांडणातलं कळतं. लग्न झालं तेव्हा आमच्या मोठ्या जाऊबाई कुणाला बोलू द्यायच्या नाहीत. मी एक शिकले. समोरचीला मधे शिरू द्यायचं नसेल, तर श्वास घ्यायला थांबायचं नाही. काय बोलतेस ते महत्त्वाचं नाही. तेच पुन्हा बोल. उलटं बोल. पण थांबू नकोस."

धाकटीला अशा वेळीही हसू आलं. मग तिने डावा हात उचलला.

पहिल्या फेरीत ती नुसती शिडी चढली. तिसऱ्या खोलीत ते सूर आलेच, पण तिने बोटं काढली नाहीत. दोन आवाज एकमेकांवर आदळले, कर्कश, अंगावर काटा आणणारे. दुसऱ्या फेरीत ती शिडी उतरली. बोटं घसरली, शिडीच्या बाहेर पडली, पुन्हा आत आली. वास एवढा दाटला, की वहिनींनी पदर नाकाला लावला. "थांबू नकोस," त्या पदराआडून म्हणत राहिल्या. "बोल... बोल गं..."

किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. कुठल्यातरी एका फेरीत धाकटीने पहिल्या दोन खोल्यांत एक छोटंसं वाक्य टाकलं, अगदी साधं, चार सुरांचं. तिसऱ्या खोलीत शिरताना तिने तेच वाक्य घेतलं, उलट फिरवलं, दुखऱ्या सुरावर क्षणभर रेलली आणि खाली उतरून आली. विचारणारीही तीच, सांगणारीही तीच. ती स्वतःच दचकली. तिने ते कुठे वाचलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही चिठ्ठीवर नव्हतं.

लाकडाच्या आतून एक सूर आला. अर्धाच. त्याला शिरायला जागा मिळाली नाही. पुढच्या फेरीत आणखी बारीक. त्याच्या पुढच्या फेरीत नुसती डाव्या हाताची चाल आणि उजव्या हाताचं न संपणारं बोलणं. वास विरला. वहिनींनी हात लांबवून वरच्या पट्टीला बोट लावलं. गार होती.

"गेलं का?" धाकटीने वाजवता वाजवताच विचारलं.

"ते विचारू नकोस," वहिनी म्हणाल्या. "विचारणं नकोच आता."

शनिवारी हॉल भरलेला होता. मालक खांबाजवळच्या टेबलाशी, चष्मा कपाळावर चढवून बसले होते. चमचे किणकिणत होते, कुणाचं तरी मूल टेबलाखाली रांगत होतं. मॅनेजरने वहिनींना चहा आणून दिला. तो त्यांनी तसाच बाजूला सरकवला.

धाकटी दादांच्या खुर्चीवर बसली. समोर कागद नव्हता. तिने सुरुवात केली, आणि हळूहळू चमचे थांबले.

बारा खोल्या, पुन्हा बारा खोल्या, आणि एकही रिकामी नाही. एका फेरीत तक्रार, दुसरीत चेष्टा, तिसरीत दादा गेले त्या सकाळचं काहीतरी, जे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्यांना ते कळलं नसेल, वहिनींना कळलं. तिच्या कपाळावर घाम होता, जबडा आवळलेला होता. एखादी बाई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन पाय न घसरू देता चालते, तशी ती त्या घरातून चालत होती.

टाळ्या झाल्या. मालक उठून जवळ आले. "खुर्ची तुमची, बाई," ते म्हणाले. "प्रश्नच नाही. फक्त एक सुचवू? मधे थोडी उसंत ठेवा. ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी."

"ती नाही ठेवता येणार," धाकटी म्हणाली.

मालकांना वाटलं, कलावंताचा ताठा. ते हसले आणि पुन्हा टेबलाशी गेले. मॅनेजरने पियानो न्यायला येणाऱ्या माणसांना तिथूनच नको म्हणून कळवलं. घरी येताना धाकटीने दादांचा कोट अंगात घातला होता, बाह्या दुमडून. वहिनींनी तिला रस्ताभर बोलू दिलं. वहिनींच्या आयुष्यातला हा एक विक्रमच.

पुढच्या शनिवारी धाकटी वेळेवर हॉटेलात गेली. तिने जाताना दाराला कुलूप लावून ओढून पाहिलं, ते वहिनींनी पाहिलं, आणि ती रस्त्यावर आल्यावर तिला खिडकीतून हातही केला. मग त्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. स्वच्छ ऊन पडलं होतं. यजमान टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर वाचत होते. चहा निवत होता. आता तिकडे हॉलमध्ये सुरू झालं असेल, वहिनींच्या मनात आलं.

इकडे भिंतीपलीकडे पियानो वाजला.

डावा हात नव्हताच. नुसते वरचे सूर. दोन खोल्यांएवढं एक वाक्य, अगदी सौम्य, अगदी अदबीने विचारलेलं. आणि मग गप्प. दोन खोल्या रिकाम्या.

वहिनी हलल्या नाहीत. त्यांनी श्वाससुद्धा रोखून धरला. पुन्हा तेच वाक्य आलं, शेवटाला किंचित वर उचललेलं, दारावर हलकेच टकटक करून आत कुणी आहे का विचारावं तसं. पुन्हा दोन खोल्या शांतता.

"अगं, काय हे," यजमान पेपराआडून म्हणाले. "टेबल वाजवू नकोस ना."

"मी कुठे..." वहिनी म्हणाल्या आणि खाली पाहिलं.

त्यांच्या उजव्या हाताची बोटं टेबलावर चालत होती. एकामागून एक, न चुकता, बरोबर त्या रिकाम्या खोल्यांत. त्यांनी डाव्या हाताने ती धरली, घट्ट, आणि मांडीवर दाबून ठेवली.

पलीकडून पुन्हा विचारणं झालं. या वेळी थोडं लवकर.